दुसऱ्याच्या नाकावर

मी ईरप्पाच्या झोपेचा डबा बोलतोय. बसा, पण जरा लांबच. माणसांवरचा माझा विश्वास उडालाय.

ईरप्पा गदगहून बेंगळुरूला रात्रीची बस नेतो. एकदा चालवताना डोळा लागला आणि बस दुभाजकावर चढली. कुणाला खरचटलं नाही, पण मालकाने त्याला दवाखान्यात धाडलं. तिथे अंगाला वायरी लावून झोपवल्यावर कळलं, की झोपेत याचा घसा मिटतो, श्वास अडतो. मग गाडीवर पेंग येणार नाही तर काय! म्हणून मी आलो. नाकावरच्या मुखवट्यातून मी हवा सोडतो, घसा उघडा राहतो. मी किती तास चाललो ते डॉक्टरांना तिकडे दिसतं. मालकाने बजावलं, डबा चालला तरच बस मिळेल.

रात्री बस, म्हणून ईरप्पा दिवसा झोपतो. पहिल्या दुपारी तो मुखवटा फेकून उठला. हा माझाच जीव ओढून घेईल, म्हणाला. दुसऱ्या दिवसापासून मात्र रोज छान झोप! डॉक्टर खूश, मालक खूश. मला वाटलं, कुठेतरी पाणी मुरतंय. हा श्वास कधी अडतच नव्हता. वर त्याला विडीचा वास, आणि ईरप्पा विडीला शिवत नाही.

त्याची बायको गिरिजव्वा दुपारी खानावळीत भाकऱ्या थापते. एक दिवस ती लवकर परतली. डबा आतल्या खोलीत घुरघुरतोय आणि नवऱ्याचं घोरणं माळवदावरून येतंय! तिने दार ढकललं. मुखवटा लावून तिचाच भाऊ मल्लेशी पसरलेला.

"भावोजींनीच सांगितलं, अक्का. झोपेमागे एक विडीबंडल देतात."

गिरिजव्वाने आवाज चढवला नाही. माळवदावर जाऊन नवऱ्याला उठवलं. "आज मी बसमध्ये येते. पोरीलाही घेते. तुमच्या मागेच बसू."

"तुम्ही नका येऊ," ईरप्पा घाईने म्हणाला.

"का? बाकीचे चालतात, आम्हीच नको?"

 ईरप्पाने मालकाला फोन करून आज दुसरा ड्रायव्हर पाठवा म्हणून सांगितलं. मग आत येऊन आडवा झाला आणि स्वतःच्या हाताने मुखवटा चढवला. गिरिजव्वा उशाशी बसली. झोप लागली, श्वास अडला. मी हवा रेटली, घसा उघडला. माझा माणूस मला त्या दिवशी भेटला.

आता तो रोज मला लावतो. तरी मी आधी वास घेतो, मगच कामाला लागतो. तुम्हालाही सांगतो, घरात कुणी घोरताघोरता एकदम गप्प झालं, तर शांत झोपला म्हणून कूस बदलू नका. आधी संशय घ्या.