कैलासवासी भाड्याने मिळतील

शामराव वारले. अख्खं घर धाय मोकलून रडलं, आणि कार्यक्रम एकंदरीत छान झाला.

पण असं काही घडलंच नाही असं धरून चालू. कारण त्या दिवशी सकाळी शामराव लखनौत तेलीबागच्या घरात दुसरा चहा मागत होते आणि नेहमीप्रमाणे कुणाचं लक्ष नव्हतं. बँकेतून निवृत्त झाल्यापासून त्यांचं एकही वाक्य घरात शेवटपर्यंत ऐकलं गेलं नव्हतं.

सून रुचिरा जुन्या वस्तू सिनेमावाल्यांना भाड्याने द्यायची. व्हॉल्व्हचा रेडिओ, पितळी बंब, डायलचा फोन, काय वाट्टेल ते. या वेळी तिने सागवानी चौकट पाठवली आणि आतला सासऱ्यांचा तरुणपणचा फोटो काढायला विसरली.

शामराव तो आणायला तडक आलमबागेत शूटिंगवर पोचले. बघतात तर फोटोला हार, पुढे उदबत्ती.

"अरे, मैं ज़िंदा हूँ!"

"अंकल, कहानी में नहीं हैं," सहायक दिग्दर्शिका अदबीने म्हणाली. "ज़िंदा लोग कैमरे के पीछे, प्लीज़."

शामराव मागे गेले. सिनेमातल्या थोरल्या सुनेने हंबरडा फोडला, "बाबूजी की हर बात पूरा घर सुनता था!"

शामरावांनी खुर्ची ओढून घेतली. डोळे पुसले. गेला तो माणूस खरंच देवमाणूस होता.

"शॉट ओके!"

"ओके कैसे?" शामराव ताडकन उठले. "छोटी बहू तो रोई ही नहीं!"

घरी बायकोने, नीलाताईंनी, त्यांना दारातच अडवलं. "अहो, स्वतःच्या मयताहून आलात ना? आधी आंघोळ."

आंघोळ झाल्यावर त्यांनी सगळं साभिनय सांगितलं. हसून हसून रुचिराच्या डोळ्यांना धार लागली. कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या, भात करपला, पण गोष्ट संपेपर्यंत जागचं कुणी हललं नाही.

"चुकलंच माझं, बाबा. उद्या फोटो परत आणते."

"खबरदार!" म्हणत शामराव अर्ज लिहायला बसले. मराठीतूनच, कारण मरणाच्या बाबतीत त्यांचा स्वतःच्या हिंदीवर भरवसा नव्हता.

"मा. दिग्दर्शक महोदय,
दिवंगताने समक्ष पाहणी केली असता धाकट्या सुनेचे रडणे असमाधानकारक आढळले. तरी अर्जदारास आपल्या सोयीने आणखी एकदा वारण्याची परवानगी मिळावी, ही नम्र विनंती.
आपला,
कै. शामराव (हयात)"