बॉनेटवरची शाल

देवगाव रंगारीला आशाच्या माहेरी लेकीचं बारसं होतं आणि नवऱ्याची, बद्रीनाथची, जीप तर दर वेळी घाटात उकळायची. म्हणून छावणीतल्या मेकॅनिक कय्युमभाईनं बॉनेटचा पत्रा कापून जाळीच्या खिडक्या बसवल्या. "आता इंजिन दम घेईल, भाभी," तो आशाला म्हणाला.

निघताना बद्रीनाथनं आपल्या सत्कारात मिळालेली शाल बॉनेटवर ताणून बांधली.

"अहो, मग खिडक्या कशाला पाडल्या?"

"आत धूळ गेली म्हंजे? तुला नाय कळायचं."

घाटात जीप उकळलीच. तिकडं पाळणा सजून वाट बघत होता. आशानं शाल सोडली, झटकून लिंबाखाली अंथरली आणि लेकीला निजवलं. खिडक्यांतून वाफ भसाभसा बाहेर पडली. घटकाभरानं जीप सुरू झाली.

"माझी शाल?"

"लेक झोपलीय तिच्यावर. सत्कारानंतर आज पहिल्यांदा कामी आली बघा."