मोजणारा हात

"लावा जोर, काका. अजून... हं, सोडा."

इस्पितळाच्या फिजिओथेरपी खात्यातल्या ताईंनी पेशंटच्या हाताला टेकवून धरलेल्या, जोर मोजायच्या यंत्रावरचा आकडा पाहिला आणि तो सांगावा की नाही, या विचारात पडल्या. मोडलेलं मनगट जुळल्यावर सुतारकाकांचा जोर बरा चढत होता. महिन्याभरापासून मात्र तो उतरणीला लागला होता.

"पुन्हा कमी?" काका हिरमुसले. "अहो, घरी भरलेली बादली उचलतो मी. इथेच काय होतं?"

"करवत एवढ्यात नको."

"मग काय घरी माशा मारत बसू? सूनबाई म्हणतेच, बाबा, आता पुरे झालं."

काका गेले. पाठोपाठ आलेल्या शिवणकामवाल्या बाईंचाही आकडा घसरलेला. यंत्रच बिघडलंय, ताईंना वाटलं.

खात्यात नवी लागलेली मुलगी, जिला सगळे धाकटी म्हणत, ती यंत्र टेबलाला पट्ट्याने घट्ट बांधून मोजायची. ताई तिची थट्टा करायच्या, "पट्ट्याला काय कळतं गं? जोर आपल्या हाताला कळावा लागतो." आज त्यांनी स्वतःच यंत्र तिच्या टेबलाला बांधलं. काका अजून औषधांच्या रांगेत होते, त्यांना परत बोलावलं.

आकडा भलताच वर गेला.

"बघा! म्हटलं नव्हतं मी?" काका खूश झाले.

धाकटी मात्र ताईंच्या हाताकडे बघत राहिली. पेशंटने कितीही ढकललं तरी मोजणाऱ्याने यंत्र जागचं हलू द्यायचं नाही. धरणारा हातच मागे सरकला, तर आकडा चढत नाही. ताईंनीच तिला हे शिकवलं होतं.

ताई पेशंटच्या खुर्चीत बसल्या. बाही वर सारून त्यांनी हात टेबलावर ठेवला. "माझं मोज."

"राहू द्या ना आज. दमलात तुम्ही."

"मोज म्हणते ना."

दोनदा मोजून झालं. तिसऱ्यांदा धाकटीने यंत्राचा पट्टा पुन्हा आवळला. "ताई, पूर्ण जोर लावा ना."

"लावलाय गं."

अंगठ्याच्या मुळाशी मांस झडून खळगा पडला होता. दुसऱ्यांच्या हातांवर असा खळगा त्यांनी लांबून ओळखला असता. आपल्या हातावरचा वयावर ढकलून दिला होता.

काका अजून तिथेच घुटमळत होते. ताई उठल्या. "काका, उद्यापासून करवत धरा. तुमचा हात ठणठणीत आहे. चूक माझ्या हाताची होती, महिनाभर तुम्हाला उगाच बसवून ठेवलं."

काकांचा चेहरा फुलला. मग अर्थ ध्यानात आला, तसा उतरला.

"बसलो असतो हो अजून," ते कसंबसं म्हणाले. "मला काय घाई होती?"

ते गेल्यावर पुढची पेशंट आत आली, एक म्हातारी आजी. तिने सवयीने ताईंपुढे हात केला. ताईंनी तो हलकेच धरला, क्षणभर तसाच ठेवला आणि धाकटीच्या हातात दिला.