क्लॅरीची हॅट

मित्रांनो, मी सशाच्या केसांची एक जुनी हॅट आहे. सिडनीतल्या एका कारखान्यात वाफेवर ताणून मला घडवलं आणि क्लॅरीने लग्नाच्या आधी हौसेने विकत घेतलं. तो मेंढ्यांची लोकर कातरायचा. उंच इतका, की शेडच्या दारातून जाताना माझा माथा चौकटीला घासायचा.

मग एका वर्षी तो घासेनासा झाला. मला भारी कुतूहल वाटलं. दार वाढलं की काय?

क्लॅरीची पाठ दुखू लागली होती. आमच्याकडे कातरणाऱ्याची पाठ दुखण्याचं कुणाला नवल नाही. जन्मभर वाकून मेंढ्या धरल्या, दुखणारच. शेजारचा मर्व्हही स्वतःच्या दुखऱ्या पाठीबद्दल हेच म्हणायचा. एक दिवस तो पायरीवरून घसरला, खुब्याचं हाड मोडलं आणि दवाखान्यातून तो परत आलाच नाही. तेव्हापासून क्लॅरीची बायको डॉट हिला अन्न गोड लागेना. तिने नवऱ्याला ओढतच डॉक्टरबाईंकडे नेलं.

बाईंनी उंची मोजली. ती तीन इंच घटली होती. पाठीचे मणके दबले होते, हाडं ठिसूळ झाली होती आणि रक्तात उन्हातून मिळणारं ड जीवनसत्त्व फारच कमी होतं. नाकावरचा, उन्हाने झालेला कातडीचा कॅन्सर काढल्यापासून क्लॅरी माझ्या आणि लांब बाह्यांच्या आडच राहिला होता. म्हणजे त्याचं ऊन मीच अडवलं?

क्लॅरीलाही तेच वाटलं. "आता उघड्या डोक्याने हिंडतो," असं म्हणत त्याने मला बाजूला ठेवलं.

"हॅट घालायचीच, नाहीतर कॅन्सर परत व्हायचा," बाई म्हणाल्या. "ड जीवनसत्त्वाची गोळी घ्या. कॅल्शियमसाठी दूध, चीज खा. कमी पडलं तर त्याचीही गोळी. हाडांचं इंजेक्शन मी देईन, पण अंगात कॅल्शियमच नसेल तर ते इंजेक्शन काय करणार?"

घरी आल्यावर मात्र तो अडून बसला. ठिसूळ हाडं हे म्हणे बायकांचं दुखणं. डॉटसारख्या गोळ्या घ्यायची त्याला लाज वाटायची.

घरच्या मेंढ्या विण्याच्या दिवसांत एक गाभण मेंढी अंगातलं कॅल्शियम कमी पडून कुरणात आडवी झाली. क्लॅरीने तिच्या कातडीखाली कॅल्शियम टोचलं. थोड्या वेळाने ती लटपटत उभी राहिली. डॉट कुंपणाला टेकून बघत होती.

"मेंढ्यांच्या चाऱ्यात कॅल्शियमसाठी चुनखडी घालायला कधी विसरत नाहीस," ती म्हणाली, "आणि स्वतः गोळी घ्यायला लाजतोस. मर्व्हसारखा पडलास तर मी काय करू, क्लॅरी?"

क्लॅरीने रिकामी सिरिंज खिशात घातली. "आण ती गोळी," तो म्हणाला. "फक्त मेंढीसारखा माझा जबडा धरून ती घशात कोंबू नकोस."

गेलेली उंची काही परत आली नाही. पण गोळ्या, इंजेक्शन, रोजचं चालणं त्याने सोडलं नाही. दोन वर्षांनी एका माजलेल्या मेंढ्याने फाटकापाशी धडक देऊन त्याला पाडलं. मी लांब घरंगळत गेले. डॉट धावत आली, पण त्याला हात लावायचं तिला धाडस होईना. क्लॅरीने गुडघा टेकला, फाटक धरलं आणि तो उभा राहिला.

मित्रांनो, तुमचे आजोबा वाकले असतील, त्यांची उंची कमी झाली असेल, तर वय झालं म्हणून सोडून देऊ नका. त्यांची हाडं तपासून घ्या.

त्या दिवशी मला उचलायचं दोघांनाही सुचलं नाही. धुळीत पडल्या पडल्या मी क्लॅरीला घराकडे जाताना पाहिलं. एवढी वर्षं मी त्याच्या डोक्यावर काढली, पण त्याला चालताना मी तेव्हा पहिल्यांदाच पाहत होते.