हिरवी पिल्लं

"या बायांनो, या! हिरवं पिल्लू, दर्ग्याच्या रंगाचं पिल्लू! कानात फुंकर मारून दिलेलं! नर असेल तर मादी होतं, मादी असेल तर आणखी मादी होतं!"

पिल्लाचा कान कुठे असतो, हे बाजारात कुणी विचारलं नाही.

*

बेकरीवाल्याच्या घरी भर उन्हाळ्यात खिडक्या लावून कोंबडा शिजला. वास शेजारी जाऊ नये म्हणून.

*

दोन लहान मुलींनी सहा पिल्लांना मुलींची नावं ठेवली होती. आता ती बदलायची की नाही, यावर दोघींचं भांडण चाललं होतं.

*

एका बोचक्यात तीन झगे, एक कंगवा आणि बाळासाठी विणलेली टोपी.

*

बोचकं सबीहाने बांधलं होतं. सुनेचं.

वसंतात सबीहाने बाजारात पिल्लं विकणाऱ्या शेख मबरूककडून अंड्यांसाठी कोंबडीची सहा हिरवी पिल्लं घेतली. गच्चीवर घमेल्यात ठेवली, वर दिवा लावला, भरडलेला मका चारला. हिरवा रंग गेला, पांढरी पिसं आली, मग तुरे आले. सहाच्या सहा कोंबडे.

गुरुवारच्या बाजारात ती शेखला जाब विचारायला गेली. सोबत पोटुशी सून, नवारा.

"मावशी, घरात मुली किती?" शेखने विचारलं.

"दोन नाती."

"मग झालं! सुनेच्या पोटाने घरातल्या माद्या ओढून घेतल्या. माझी पिल्लं माद्याच होती. तुमच्या उंबऱ्यात नर झाली."

"आणि आता पोटात आहे ते?"

"तेही पोरगीच. हिला माहेरी धाडा. घर मोकळं होऊ द्या. तोवर ही दहा नवी न्या."

सबीहाने तीही विकत घेतली. शेखकडे प्रत्येक घरासाठी कारण तयार असे. मुली असतील तर मुलींनी माद्या ओढल्या. मुलगे असतील तर कुणाची नजर लागली. मूलच नसेल तर घर कोरडं. माणूस मेहनती होता. त्यामुळे गावातलं प्रत्येक घर आपले कोंबडे आरवायच्या आत कापत होतं आणि तोंड पुसून गप्प बसत होतं.

सबीहाचा मुलगा रगब एवढंच म्हणाला होता, "आई म्हणेल तसं." पुढच्या गुरुवारी बोचकं नवाराच्या हातात दिलं गेलं. तिच्या माहेरी जाणारी टुकटुक रिक्षा बाजारातूनच सुटायची. आणि रगबसाठी दुसरी मुलगी बघायला सबीहाची बहीण आधीच कामाला लागली होती.

"जाते मी, आत्या," नवारा म्हणाली. "पण ती दहा पिल्लं आधी डॉक्टरीणबाईंना दाखवा. डोळ्यांत लसीचे थेंब घालून घ्या. नाहीतर मरतील, आणि तेही माझ्याच नावावर लागेल."

हे सबीहाला पटलं.

जनावरांच्या डॉक्टर इन्साफबाई बाजाराच्या टोकाला ताडपत्रीखाली बसल्या होत्या. दोन पिल्लांना थेंब घातले तेवढ्यात त्यांचा अंगठा हिरवा झाला. त्यांनी कोमट पाणी आणि साबण मागवला. धुतलेलं पिल्लू पिवळं निघालं. दुसरंही. दहाही.

"हे बघा," त्यांनी शेजारचं खोकं उघडलं. आत एका फार्मवाल्याची तांबूस पिल्लं होती. "तुमची आणि ही एकाच जातीची. यांच्यात मादी तांबूस जन्मते, नर पिवळा. अंड्यातून बाहेर आल्या क्षणी लहान पोरही ओळखेल. तांबूस फार्मवर जातात. पिवळे अंडी देत नाहीत, म्हणून कुणाला नको असतात, ते पोत्यानं फुकट मिळतात. पण दहाही पिवळे दिसले तर तुम्ही ओळखाल. म्हणून हिरवा रंग."

शेख धावत आला. "साबणानं बरकत धुऊन टाकली!"

"बरकत पक्की नव्हती वाटतं," इन्साफबाई म्हणाल्या.

"ही पिल्लं बिघडली ती या बाईमुळे!" शेखने नवाराकडे बोट केलं. "दुसऱ्या कुणाच्या घरी असं झालंय? विचारा!"

बायका जमल्या होत्या. बेकरीवाल्याची बायको चपलेकडे बघत होती. नवाराने बोचकं उचललं.

सबीहा पुढे झाली. आता गप्प राहिलं तर घराची अब्रू राहत होती आणि सून जात होती.

"माझे सहाच्या सहा कोंबडे," ती मोठ्यानं म्हणाली. "तुझे किती गं, बेकरीवाली?"

"...आठ."

"आमचे पाच!"

"आमचे बारा! आणि मला चार मुलगे आहेत, माझ्या पोटानं काय ओढलं रे, मबरूक?"

हशा ओसरेपर्यंत शेखची गाडी सुरू झाली होती. टोपल्या तिथेच राहिल्या.

"कोंबड्यांत नर की मादी हे कोंबडीकडून ठरतं, तेही अंड्यावर कवच चढायच्या आधी," इन्साफबाई म्हणाल्या. "माणसांत ते बापाकडून ठरतं. फुंकरीनं काहीच ठरत नाही. आणि पुन्हा कुणी तुमच्याच घरात दोष आहे म्हणालं, तर आधी शेजारणीला विचारा. तुम्ही एकमेकींपासून लपवता, त्यावर हा माणूस जगतो."

सबीहाने सुनेच्या हातून बोचकं घेतलं आणि आपल्या डोक्यावर ठेवलं.

"चल घरी."

"आणि रगब?"

"त्याला मी सांगते, कोणाकडून काय ठरतं ते."

रगबच्या आधी सबीहाला चार मुली झाल्या होत्या.