खुब्याला भेटायला आलेली माणसं

आईचा खुबा मोडल्याचा आवाज शुक्रवारी दुपारी आमच्या घरात आला. खुबा मोडलेला नव्हता. आई पलंगावर बसून तांदूळ निवडत होती आणि वाळकी फांदी गुडघ्यावर मोडावी तसा आवाज तिच्या उजव्या बाजूने आला. तिने हातातला खडा बाजूला टाकला.

"काय पडलं रे, अभ्या?"

"तूच," मी म्हणालो.

"मी हितं बसलीय की."

"आवाज तुझा होता."

तिने खुबा चाचपून पाहिला. नीट होता. "मग हाड येईल मागनं," ती म्हणाली आणि पुढचा खडा शोधू लागली.

आईला आमवात आहे. तिची बोटं एकाच एसटीतून उतरून वेगवेगळ्या गावांना निघाल्यासारखी दिसतात. तिला ताटातला खडा दिसतो, पण धरता येत नाही. त्यामुळे आमचा भात निवडलेला असतो, तरी दाताखाली यायचं ते येतंच.

शनिवारी सकाळी मी तिला डॉक्टर मुल्लाणींकडे नेलं. मॅडमनी आवाजाबद्दल ऐकून घेतलं. "हल्ली आधी येतो," त्या म्हणाल्या. मग आईला हाडांची घनता मोजायच्या मशीनखाली झोपवलं. मशीन तिच्या अंगावरून सावकाश, काहीतरी हरवल्यासारखं फिरलं. त्यानंतर मॅडम कॉम्प्युटरसमोर बसल्या. येत्या दहा वर्षांत हाड मोडायची शक्यता किती, हे काढायचं तर आधी प्रश्न विचारावे लागतात.

"याआधी कधी हाड मोडलंय?"

"अजून नाही," आई म्हणाली.

"तुमच्या आईचा किंवा वडलांचा खुबा?"

"आईचा. पण ती पडली म्हणून."

"आमवात कधीपासून?"

"हा झाल्यापासनं." दोघींनी माझ्याकडे पाहिलं. आमवात मी येताना पिशवीतून आणला असावा, असं.

"स्टेरॉईड घेता? बाकी कसल्या गोळ्या?"

"छे. मी गोळी घेत नाही. सोसते." हे आई सगळ्यांना सांगते. सांगताना तिची मान थोडी वर जाते.

पडद्यावर आकडा आला. लहान होता, हिरवा होता. आईने पदर सावरला.

"पुडीचं सांग," मी म्हणालो.

"पुडी काय औषध आहे होय? पुडी ती पुडी."

"कसली पुडी?" मॅडमनी विचारलं.

"वाताची हो. आमचे भूपालदादा आणतात, तिकडं हद्दीपलीकडं एक वैद्य आहेत त्यांच्याकडनं. पांढरी असते. घेतली की तासाभरात वेणी घालता येते."

मॅडमनी कीबोर्डवरचे हात उचलले. "रोज घेता?"

"रोज कुठं. दुखलं की."

"दुखतं कधी?"

"रोज."

मॅडमनी एक कळ दाबली. आकडा वाढला. पिवळा झाला, मग लाल झाला, मग पडद्याच्या कडेला जाऊन टेकला. आईच्या खुर्चीखालची सावली तेवढ्यात हलली. आई तशीच बसून होती, पण तिच्या सावलीचा उजवा पाय बोटभर आखूड झाला आणि पाऊल बाहेरच्या बाजूला वळलं.

"त्या पुडीत बहुतेक स्टेरॉईडच आहे," मॅडम म्हणाल्या. "आमवातानं हाडं पोकळ होतातच. त्यात हे. आता ती एकदम बंद करायची नाही, शरीराला झेपत नाही. मी हळूहळू उतरवीन. सोमवारी या, हाडांचं इंजेक्शन सुरू करू. तोवर पडायचं नाही."

"एवढंच?" मी विचारलं.

"एवढंच. न पडलेली माणसं फारशी मोडत नाहीत."

बाहेर पडताना आई सरळ चालली आणि सावली लंगडत मागे आली. दारातल्या लोकांनी सावलीला वाट करून दिली.

घरी पोचलो तर पायरीवर सुनंदामावशी बसली होती. मांडीवर मोसंब्यांची पिशवी, शेजारी नवा वॉकर. ती निपाणीहून आली होती. तिने आधी आईच्या खुब्याकडे पाहिलं, मग तोंडाकडे.

"बघायला आले," ती म्हणाली.

"काय?"

"काय म्हणजे? खुबा."

"मोडलेला नाही, मावशी," मी म्हणालो.

"असं कसं म्हणतोस? मी दोन गाड्या बदलून आलीय."

आईचा चेहरा पडला. तिने मावशीला हाताला धरून आत नेलं. आणखी माणसं आली. भूपालमामा आले, मामी आली, शिरोळची चुलत मंडळी आली. प्रत्येकाच्या हातात मोसंबी होती. मामांनी खुर्ची ओढून घेतली. "माझ्या साडूच्या आईचं असंच झालं. आडवी पडली ती परत उठलीच नाही. सहा महिन्यांत आटोपली. तू जिवाला लावून घेऊ नकोस, पद्मा."

"नाही, नाही," आई म्हणाली.

"झालं कसं पण?" मामीने विचारलं.

सगळे पुढे झुकले. इतकी माणसं इतक्या लांबून आली होती. आईने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवून नाही म्हटलं.

"स्टुलावरनं पडले," आई म्हणाली.

सगळ्यांनी श्वास सोडला. मावशीने डोळ्याला पदर लावला.

"आपल्याकडे स्टूलच नाही," मी म्हणालो.

"तू गप बस," मामा म्हणाले. "तिला बोलू दे. मोकळं होतं."

तेवढ्यात शेजारचे चौगुले सर आले. त्यांच्या हातात निळं प्लॅस्टिकचं स्टूल होतं. "वहिनींना आता आंघोळीला लागेल," ते म्हणाले. "आमच्या हिचं आहे. पायाची रबरं तेवढी गेलीत." आईने ते दोन्ही हातांनी घेतलं आणि त्यांचे आभार मानले.

दुपारनंतर पलंग आला, पायाशी वजन लटकवायची कप्पी असलेला. तो आत आल्यावर माणसं भिंतीकडे सरकली. मग कमोडची खुर्ची आली, माणसं आणखी सरकली. मग अँब्युलन्सवाले दोघे स्ट्रेचर घेऊन आले, अजून वेळ आहे म्हणाले आणि दारातच बसले. मी मधोमध अडकलो. पुढे चौदा गुडघे होते, मागे कप्पी. आई स्वयंपाकघरात होती. मला ती डोक्यांच्या वरून दिसत होती. तिच्यात आणि माझ्यात एवढ्याच गोष्टी होत्या: जे मोडलं नव्हतं त्याचं सगळं सामान, आणि नातेवाईक.

ऊन खिडकीच्या गजांपर्यंत उतरलं. आमच्यात दिवस मावळल्यावर जेवत नाहीत. आलेल्या माणसाला उपाशी परत पाठवलं, तर ते पुढच्या तीन लग्नांत ऐकावं लागतं. आईने खिडकीकडे पाहिलं. मग कट्ट्याला हात टेकून वाकून राहिली. बोटं मिटत नव्हती.

मामांनी खिशातून पुडी काढली आणि मांडीवरून मांडीवर देत आत पोचवली. "घे, ताकद येईल."

"आई," मी म्हणालो, "डॉक्टर काय म्हणाल्या?"

"एकदम बंद करू नको म्हणाल्या," आई म्हणाली आणि पुडी पाण्याबरोबर घेतली.

मी उठायला गेलो. मावशीने माझा दंड धरला. "बस रे. सकाळपासनं धावपळ चाललीय तुझी. पोरगं वाळलं अगदी."

"ती स्टुलावर चढेल," मी म्हणालो.

"चढली म्हणून तर झालं हे सगळं," मावशी म्हणाली आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला.

या वेळी तास लागला नाही, आईची कंबर लगेच सरळ झाली. बोटं एकेक करून गावाहून परत आली. इतकी वर्षं तिला असं उभं राहिलेलं मी पाहिलं नव्हतं. ती हसलीसुद्धा. "किती हलकं वाटतंय," ती म्हणाली. खरं होतं ते. तिच्या हाडांत आता वजन असं काही उरलं नव्हतं. एवढ्या माणसांच्या पिठल्याला लागणारं मोठं पातेलं माळ्यावर असतं. तिने निळं स्टूल पायाने ओढलं, साडी गुडघ्यापर्यंत खोचली आणि वर चढली.

"आई, खाली उतर."

"ओरडू नको, पाहुणे आहेत."

मामांनी मधली सतरंजी उचलली, झटकली आणि घडी करून बाजूला ठेवली. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापासून फरशी मोकळी झाली. कुणी त्यांना सांगितलं नव्हतं. अँब्युलन्सवाले उभे राहिले आणि त्यांनी पँटी सारख्या केल्या. मामी मोसंबं सोलायची थांबली.

आईने एका हाताने माळ्याची कड धरली, दुसऱ्या हाताने पातेलं पुढे ओढलं आणि त्याच्यातून घुमल्यासारखं विचारलं, "जेवायला कोण कोण आहे? हात वर करा, म्हणजे अंदाज येईल."

सगळ्यांनी हात वर केले. मावशीनेही केला, त्यामुळे माझा दंड सुटला. मी थांब म्हणायला हात वर केला.

आई वळली आणि तिने मलाही मोजलं.