पोहोचतोच आहे!

हॅलो? हॅलो! मी फोन बोलतोय. नाही हो, फोनवरून कुणी बोलत नाहीये, खुद्द फोनच बोलतोय. जन्मभर लोकांनी माझ्याकडून आपलं बोलणं वाहून घेतलं, आज माझी पाळी आहे. मध्येच ठेवून देऊ नका, एवढंच मागणं.

मी लाल रंगाचा, गोल तबकडीचा, चांगला वजनदार फोन. कारखान्यात रांगेने जन्मलो तेव्हा आम्ही सगळे सारखेच होतो. काळे भाऊ कचेऱ्यांत गेले आणि मी आलो लिमा शहरात, ब्रेन्या भागातल्या एका चिफामध्ये. चिनी खानावळीला आमच्याकडे चिफा म्हणतात. मालक डॉन फेलिक्स चिऊ (डॉन म्हणजे आमच्याकडे नुसतं ‘राव’) यांनी मला गल्ल्याशेजारी बसवलं. त्यांच्या हाताला सतत आल्याचा वास यायचा, मग माझ्याही अंगाला तोच लागला. मला तो आवडायचा.

आता फोनची गंमत ऐका. माणूस तोंडाने एक सांगतो आणि त्याच्या पाठीमागचे आवाज दुसरंच सांगतात. मला दोन्ही ऐकू येतं! लिमाची माणसं गोड, पण एका वाक्याच्या बाबतीत त्यांच्या जिभेला हाड नाही. ते वाक्य म्हणजे ‘एस्तोय येगान्दो’, पोहोचतोच आहे. हे म्हणताना पाठीमागे शॉवर चालू असतो. कुणाची आई ओरडत असते, ‘अरे, ऊठ आता!’ आणि गादीतला माणूस मला सांगत असतो, ‘हा काय, कोपऱ्यावरच आहे, पोहोचतोच आहे.’ मला हसू आवरायचं नाही. तुम्ही ज्याला लाइनमधली खरखर म्हणता ना, ते माझं हसू.

चिफाही काही मागे नव्हता. ‘आमचं जेवण कुठंय?’ असा कुणा बाईंचा फोन आला की डॉन फेलिक्स सांगायचे, ‘निघतंय सेन्योरा, आत्ता निघतंय!’ तेव्हा भाताला आधणही ठेवलेलं नसायचं.

अशा घरात लाय कुएन आली. डॉन फेलिक्सच्या थोरल्या भावाची मुलगी, थेट कँटनकडच्या चिनी खेड्यातून. तिच्या बोलीत क्रियापदं कधी रूप बदलत नाहीत, त्यामुळे तिचं स्पॅनिश म्हणजे ‘मी. तांदूळ. परतणे.’ डॉन फेलिक्सची बायको नेलिदा लिमातच जन्मलेली, बोलण्यात पट्टीची. तिने पोरीचा ताबा घेतला.

‘परतणे काय? हात चालू आहेत ना तुझे? मग परततेय म्हण! हात थांबले की थांब, तोवर क्रियापदाला शेपूट लाव, आन्दो, येन्दो!’

झालं! पोरीला ते शेपूट इतकं आवडलं की दिसेल त्याला लावत सुटली. कांदा चिरतेय. वाफ वर जातेय. काका ओरडतायत. मांजर चोरी करतंय. काकू मांजराच्या मागे धावतेय. भट्टीसमोर उभी राहून ती एकटीच बोलायची आणि स्वतःच हसत सुटायची. मला तर तिचा आवाज ऐकला की घंटी वाजवावीशी वाटायची, कुणाचा फोन नसतानासुद्धा.

मग तिला माझ्यासमोर बसवलं आणि अनर्थ झाला. पोरीला वाटायचं, चालू असेल तेच सांगायचं. नेहमीच्या गिऱ्हाईक सेन्योरा वापाया चिडून विचारत होत्या, ‘माझं जेवण निघालं का?’ लाय कुएनने स्वयंपाकघरात डोकावून पाहिलं आणि स्वच्छ सांगितलं, ‘नाही सेन्योरा. काका तांदूळ धुतायत. पोहोचवणारे विल्मेरदादा सोडा पितायत. तुमचं बदक अजून गारच पडून आहे.’

डॉन फेलिक्सनी कपाळावर हात मारला. ‘ही माझा धंदा बुडवतेय! हिला लांब त्रुहियो गावी पाठवतो, चुलतभावाच्या चिफात. तिथे मागे बसून सारण भरून वानटान वळू दे. तिथे फोनच नाहीये!’

‘अहो, शिकतेय ती,’ नेलिदा म्हणाली.

‘लिमावाल्यांसारखं बोलायला लागेल त्या दिवशी सांग मला.’

महिनाअखेरच्या सोमवारची बस ठरली. खरं सांगतो, मला ती पोर हवी होती. आणि मला एकट्यालाच हवी होती असं नव्हे.

अबेलार्दो चुम्पितास नावाचा एक कुलपं उघडून देणारा कारागीर होता. रोज दुपारी फोन करून परतलेला भात मागवायचा. एकदा लाय कुएनने त्यालाही सांगितलं, ‘तुमचा भात अजून तांदूळच आहे.’ तो इतका हसला की माझ्या तारा झणझणल्या. ‘बरं, मग तुम्ही काय करताय?’

‘आलं किसतेय.’

‘आणि आता?’

‘धुकं बघतेय.’

‘आणि आता?’

तिने खिडकीकडे पाठ फिरवली. ‘आता तुमच्याशी बोलतेय.’

काय सांगू! तिथून पुढे भात हे निमित्त उरलं. तोही तिला शिकवायला लागला. ‘काल या वेळी मी काय करत होतो?’ ‘माझ्याशी बोलत होतात.’ ‘आणि उद्या या वेळी?’ ‘उद्या माझ्याशी बोलत असाल.’ कालचं शेपूट, उद्याचं शेपूट, सगळी तिला पाठ झाली. मी मधल्या मध्ये लाल होतो. तसा आधीपासूनच होतो म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. नेलिदा गल्ला पुसायच्या निमित्ताने कान देऊन उभी राहायची. एकच गल्ला ती किती पुसायची!

पण घोडं एका जागी अडलं होतं. मागे एकदा अबेलार्दो चिफात जेवायला आला होता तेव्हा त्याने माझ्यावरूनच एका बाईंना त्यांच्या शेजाऱ्यांकडे फोन केला. त्या बिचाऱ्या घराबाहेर अडकल्या होत्या, किल्ली आत. अबेलार्दो म्हणाला, ‘पोहोचतोच आहे सेन्योरा, तुमच्या कोपऱ्यावरच आहे!’ आणि रिसीव्हर ठेवून त्याने आणखी एक बशी वानटान मागवले. लाय कुएनने हे डोळ्यांनी पाहिलं होतं. डॉन फेलिक्सनीही पाहिलं होतं.

म्हणून नेलिदाने दोघांच्या लग्नाचा विषय काढला तेव्हा ते उसळले. ‘तो कुलूपवाला? त्याचं आत्ता म्हणजे परवा! बरं, रविवारी एक वाजता जेवायला बोलाव. सूप वाढायच्या आत आला तर त्याचं ऐकून घेईन. नाही आला तर सोमवारची बस आहेच.’

लिमात एकच्या जेवणाला एक वाजता! इथे कुणाचं मयत असल्याशिवाय कुणी असं वेळेवर येत नाही. लाय कुएनने त्या रविवारी सकाळीच टेबल पुसून घेतलं. चौघांची ताटं मांडली होती. पोर भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती आणि मी तिच्याकडे.

एक वाजायला थोडा वेळ असताना मी वाजलो. जिवाच्या आकांताने वाजलो.

‘लाय कुएन? मी बोलतोय. पोहोचतोच आहे!’

तिचा चेहरा उतरला. तिला आता स्पॅनिश येत होतं ना, त्या वाक्याचा अर्थ तिला चांगला ठाऊक होता. ती हळूच म्हणाली, ‘अंघोळ करताय का?’

‘अगं नाही! खरंच कोपऱ्यावर आहे, नाण्याच्या फोनपाशी. तुझ्या काकांना काय सांगू तेच ठरत नाहीये, म्हणून आधी तुला...’

तेवढ्यात त्याच्या पाठीमागे आइस्क्रीमवाल्याचा भोंगा वाजला. पों, पों! आणि त्याच क्षणी आमच्या उघड्या दारातूनही वाजला. पों, पों! माझ्या आतून आणि बाहेरून एकच भोंगा, एकच आइस्क्रीमवाला, एकच कोपरा! अख्ख्या हयातीत हे वाक्य खरं बोलणारा पहिला माणूस मला भेटला होता. मी आनंदाने वेडा झालो.

लाय कुएनने रिसीव्हर टाकला आणि ती दारातून सुसाट पळाली. मी तारेला लोंबकळत गल्ल्यावर टाळू आपटून घेत होतो, पण कान सुटले नव्हते. त्या खुळ्यानेही तिकडचा रिसीव्हर तसाच सोडला होता! मला तिची पावलं ऐकू आली, मग धाप, मग काहीच नाही, मग दोघांचं हसू.

‘काय करतेयस?’ तो विचारत होता.

‘रडतेय. नाही, हसतेय. थांबा, दोन्ही करतेय!’

इकडे नेलिदाने सूप आणलं. डॉन फेलिक्स दारात जाऊन ओरडले, ‘लाय कुएन! सूप निवतंय! कुठे आहेस?’

वर्तमानपत्रांच्या टपरीमुळे त्यांना कोपरा दिसत नव्हता. पण उत्तर आलं, खणखणीत, अस्सल लिमाच्या सुरात, ‘पोहोचतेच आहे काका! हा काय, दारातच आहे!’

एक पाऊल हललं नव्हतं हो! मी ऐकत होतो ना. दोघं तिथेच उभे होते आणि ती आइस्क्रीमवाल्याला सांगत होती, ‘दोन द्या, लिंबाची.’

डॉन फेलिक्स परत आले. त्यांना मी लोंबकळताना दिसलो. त्यांनी मला उचलून कानाला लावलं. बराच वेळ लावून उभे राहिले. लिंबाचं आइस्क्रीम, तिचं खिदळणं, त्याचं ‘अगं, काका वाट बघतायत’ आणि तिचं ‘बघू देत, आपण पोहोचतोय ना!’ हे सगळं त्यांनी ऐकलं. मग नाणं संपलं आणि लाइन तुटली.

‘काय म्हणतेय?’ नेलिदाने विचारलं.

‘पोहोचतेय म्हणतेय.’ त्यांच्या मिशा थरथरत होत्या, हसू दाबता दाबेना.

‘म्हणजे?’

‘म्हणजे सूप झाकून ठेव.’ आणि त्यांनी माझी तबकडी फिरवून त्रुहियोच्या त्या चुलतभावाच्या शेजाऱ्याला फोन लावला. ‘निरोप द्या त्याला. मुलगी येत नाहीये.’

त्याला वर्षं झाली. आता मी चिफाच्या वरच्या फळीवर असतो, तार काढलेली. खाली गल्ल्यावर लाय कुएन बसते आणि खिशातल्या छोट्या फोनवर सेन्योरा वापायांना गोड आवाजात सांगते, ‘निघतंय सेन्योरा, आत्ता निघतंय!’ मागे अबेलार्दो तांदूळ धूत असतो. मला वरून सगळं दिसतं. धूळ बसतेय, पण तक्रार नाही, कारण ऐकू अजून येतंय.

चला, तुमची कुणीतरी वाट बघत असेल. जा आता. आणि निघालात की खरंच निघा हं. ठेवतो.